रोज रात्री जेवायला दहा वाजतात? अडतंय कुठे ते आधी शोधा

मी डोंबिवलीला राहते, नोकरी मुंबईत. घरात पाऊल पडतं तेव्हा पावणेआठ झालेले असतात. नवरा साडेआठपर्यंत येतो, मुलगी सातवीत आहे, आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो, त्यांना मधुमेह आहे. पावणेआठला घरी आल्यावर साधं वरण-भात-भाजी-पोळीचं जेवण नऊपर्यंत व्हायला हरकत नव्हती. तरी आमची ताटं वाढली जायची पावणेदहाला, दहाला. आठवड्यातून दोनदा तर बाहेरूनच मागवलं जायचं.

एका मंगळवारी बाबांनी नेहमीप्रमाणे साडेआठला जेवणाआधीची गोळी घेतली. मी तेव्हा खाली बसून मेथी निवडत होते. सव्वानऊला ते खुर्चीतून उठायला गेले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला होता, बोलणं अडखळत होतं. मुलीने धावत जाऊन साखरपाणी आणलं. पंधरा मिनिटांनी त्यांना बरं वाटलं आणि ते मलाच म्हणाले, "अगं, काही नाही झालं, तू सावकाश कर." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की गोळी घेतल्यावर घास लांबता कामा नये. तेव्हापासून जेवणाची वेळ ही आमच्या घरात औषधाइतकीच महत्त्वाची झाली.

आधी मला वाटायचं, माझा हात संथ आहे. म्हणून दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर सहा दिवस तीन वेळा लिहून ठेवल्या: घरी कधी आले, गॅस कधी पेटला, ताटं कधी वाढली. पहिल्या सोमवारची ओळ अजून आहे: ७.४५, ८.४०, ९.५०. बाकीचे दिवस थोड्याफार फरकाने तसेच. म्हणजे गॅस पेटायलाच जवळजवळ तास जात होता. त्यानंतर कुकरची वाट बघण्यात अर्धा तास. प्रत्यक्ष कढईसमोर मी उभी असायची वीस-पंचवीस मिनिटं. हात संथ नव्हता. गॅस पेटायच्या आधीच सगळं तुंबत होतं.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर नव्या पाककृती शोधण्याआधी चार-सहा दिवस हे तीन आकडे लिहा. दुरुस्ती कुठे करायची ते त्यावरून कळेल. आमच्याकडे जिथे जिथे अडत होतं, त्यातलं एकेक सांगते.

फ्रिजचं दार उघडून उभं राहणं

"आज काय करू?" हा प्रश्न रात्री आठ वाजता स्वतःला विचारायचाच नाही. त्या वेळी पोटात भूक असते, डोक्यात ऑफिस असतं, आणि घरातली चार माणसं चार उत्तरं देतात. माझी दहा-पंधरा मिनिटं इथेच जायची.

रोजच्या पदार्थांचा तक्ता करून पाहिला, तो आठवडाभरही टिकला नाही. बुधवारी भोपळी मिरची लिहिलेली आणि घरात दोडका, की तक्ता बाद. टिकलं ते असं: वारांना पदार्थ नेमून न देता प्रकार नेमून दिला. सोमवार डाळ-तांदळाचा, मंगळवार मोडाच्या कडधान्याचा, बुधवार पिठाचा, गुरुवार पुन्हा कडधान्य, शुक्रवार जे उरलं असेल त्याचा. डाळ-तांदळाच्या दिवशी खिचडी-कढी होते, वरण-भात आणि वर भाजलेला पापड होतो, नाहीतर मसालेभात. पिठाच्या दिवशी पिठलं, थालीपीठ, धिरडी किंवा उकड. ठरवायचं राहतं ते दोन-तीन गोष्टींतलं, आणि त्याला वेळ लागत नाही. बाबांसाठी खिचडीत डाळ आणि तांदूळ समसमान घालते, पाचपट पाणी. तीच खिचडी आता आम्हाला सगळ्यांना आवडते.

ज्या घरात संकष्टी पाळतात तिथे त्या दिवशीचं गणित वेगळं. उपास चंद्रोदयानंतर सुटतो, त्यामुळे घाई नसते पण पूर्ण स्वयंपाक लागतो. पालेभाजी आणि साग्रसंगीत जेवण करायची हौस मी त्या दिवसावर आणि रविवारवर टाकली आहे. कामाच्या दिवशी रात्री चारी ठाव स्वयंपाक झालाच पाहिजे, हा हट्ट आधी सोडावा लागला. माझ्या आईला तो सोडणं जमलं नव्हतं. रात्री साडेदहाला एकटीने जेवायची ती.

निवडणं

पालेभाजीत वेळ खातं ते निवडणं. मेथीची एक जुडी: दोरा सोडा, मातीची मुळं तोडा, पिवळी पानं काढा, जाड देठ टाका, तीनदा पाण्यातून काढा. मी घड्याळ लावून बघितलं, पंचवीस मिनिटं. भाजी मात्र दहा मिनिटांत शिजून होते. गवारीचंही तेच, शिरा काढून मोडायची. वालाची उसळ करायची तर सोलण्यात संध्याकाळ जाते.

लोकलच्या बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली की पिशवीतून भाजी काढून निवडणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. मांडीवर वर्तमानपत्र, एका बाजूला मटारच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला दाणे. शेजारची अनोळखी बाईसुद्धा न विचारता मूठभर शेंगा उचलून सोलायला लागते. मला चौथ्या सीटवर अर्धंच टेकायला मिळतं, म्हणून ते जमत नाही. पण स्टेशनाबाहेर निवडलेल्या भाजीची पाकिटं घेऊन बसलेल्या मावशी आहेत. त्यांच्याकडून सोललेले मटार, मोडलेली गवार, निवडलेली मेथी घेण्यात मला पूर्वी कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही. त्यांच्या कष्टाचे दोन पैसे जास्त देते आणि पंचवीस मिनिटं विकत घेते. घरी आल्यावर भाजी पुन्हा धुऊन घ्यायची एवढं मात्र पाळा, आणि ती त्याच रात्री संपवा. चिरलेला पाला फ्रिजमध्येही लवकर सडतो.

जुडी घ्यायचीच असेल तर न धुता, कोरडी, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. धुऊन ठेवलेली कोथिंबीर तिसऱ्या दिवशी चिकट होते. कामाच्या दिवसांत मी भाज्याच अशा आणते ज्यांना निवडणं नाही: दुधी, कोबी, टोमॅटो, भेंडी, काकडी, लाल भोपळा.

कुकर उघडला आणि डाळ टचटचीत

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि हिच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. सगळं तयार, कुकर उघडला, तुरीची डाळ दाण्यासारखी वेगळी. पुन्हा झाकण, पुन्हा तीन शिट्ट्या, पुन्हा वाफ जाण्याची वाट. वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात.

कारणं एकेक करून तपासा, सगळं एकदम बदलू नका, नाहीतर नेमकं काय चुकत होतं ते कळत नाही.

पहिला संशय पाण्यावर घ्या. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट करतो, मग डाळ कितीही शिजवली तरी फुटत नाही. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की डाळ बिघडायची आणि मी दुकानदाराला बोल लावायची. तपासायला सोपं आहे: तीच डाळ, तेवढ्याच शिट्ट्या, फक्त एकदा पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात लावा. मऊ शिजली तर दोष पाण्याचा. डाळीला लागतं किती, एका वाटीला तीन वाट्या पाणी. तेवढं फिल्टरचं घ्यायला परवडतं. तेही नसेल तर चिमटीच्या टोकावर मावेल एवढा खायचा सोडा. जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते.

दुसरं, डाळ जुनी असेल. वर्षभराची डाळ भरून ठेवली की शेवटचे दोन-तीन महिने ती हट्टी होते. तिला भिजवणं हाच उपाय. अर्धा तास भिजली तरी फरक पडतो. मी सकाळी डबे भरताना डाळ धुऊन पाण्यात घालते आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवते. ओट्यावर ठेवू नका. मे महिन्यात सकाळी सातला भिजवलेली मुगाची डाळ रात्री आठपर्यंत फसफसलेली असते.

तिसरं, आंबट आधी पडलंय का. टोमॅटो, चिंच, आमसूल हे डाळ शिजून घोटल्यावरच घालायचं. मिठाला उगाच दोष देतात, खरा अडथळा आंबटाचा.

चौथं, कुकर. शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते, म्हणजे रिंग सैल झाली. रिंग दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की त्या दिवसापुरतं काम भागतं, पण त्याच आठवड्यात नवी आणा. शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, म्हणजे भांडं काठोकाठ भरलंय. डाळ फुगते आणि फेसाळते, म्हणून अर्ध्याच्या वर भरू नये, आणि वर चार थेंब तेल सोडावं. शिट्टीच्या खालचं भोक दर काही दिवसांनी सुई घालून मोकळं करा. ते तुंबलं तर प्रश्न उशिराच्या जेवणाचा राहत नाही, धोक्याचा होतो.

शिट्ट्या मोजण्याबद्दल थोडं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं, म्हणून शिजणं लवकर होतं. दाब एकदा भरला की मोठ्या आचेवर शिट्टीमागून शिट्टी घेत राहण्यात गॅस जातो, उष्णता वाढत नाही. दोन शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून सात-आठ मिनिटं ठेवा. भिजलेली तूरडाळ लोण्यासारखी होते. नंतर वाफ आपोआप जायला दहा-बारा मिनिटं लागतात, तीही हिशेबात धरायची. त्यामुळे कुकर ही घरी आल्यावर करायची पहिली गोष्ट. चहाच्या आधी, साडी बदलायच्या आधी, फक्त हात धुऊन.

पोळी आणि भाकरी

रात्री कणीक भिजवून, ती मुरू देऊन, दहा पोळ्या लाटून भाजायच्या तर चाळीस मिनिटं गेली. सकाळच्या डब्यांसाठी पोळ्या होतातच. त्याच वेळी सहा जास्त करते आणि गार झाल्या की कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. रात्री तव्यावर फक्त गरम करायच्या, थोडं तूप लावून.

गरम पोळीच हवी असेल तर कणीक सकाळीच जास्त भिजवा. ती फ्रिजमध्ये काळी पडते अशी तक्रार असते. कोंड्यातल्या घटकांचा हवेशी संबंध आला की तसा रंग येतो. गोळ्याला तेलाचा हात फिरवा, गोळा जेमतेम मावेल एवढाच घट्ट झाकणाचा डबा घ्या, आणि भिजवल्याबरोबर आत ठेवा. दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला किंवा कणीक ताणल्यावर तार सुटायला लागली तर टाकून द्या. लाटायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर पोळी वातड होते.

भाकरी थापताना कडा फाटत असतील तर पिठाची विरी गेलेली आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ शिळं झालं की होता तोही जातो. अशा पिठाला उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. आणि पुढच्या वेळी गिरणीतून आठ-दहा दिवसांचंच दळून आणा.

सात वाजताची भूक

मुलगी सातला बिस्किटांचा पुडा संपवायची आणि दहाला ताटावर पेंगायची. रागावून काही उपयोग झाला नाही, तिला खरोखरच भूक लागलेली असायची. आता सातला काकडी, फुटाणे-शेंगदाणे, नाहीतर सकाळची मोडाची मटकी लिंबू पिळून, असं काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. पोट साडेआठपर्यंत तग धरतं आणि जेवणाची भूकही मरत नाही.

रविवारचा एक तास

जास्त नको, एकच तास. त्यात मी करते ते एवढंच: लसणाचे दोन गड्डे सोलून कोरड्या डबीत फ्रिजमध्ये (तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात), शेंगदाणे भाजून कूट, आणि कांदा-खोबरं खरपूस भाजून केलेलं वाटण. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. चौघांच्या उसळीला दोन-तीन खडे पुरतात. मटकी शनिवारी रात्री भिजवली, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली की सोमवारपर्यंत मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस. मोडाच्या मटकीला कुकर लागत नाही, कढईत झाकण ठेवून बारा मिनिटांत शिजते. मंगळवार आणि गुरुवार असे निघतात.

काहीच नसेल तेव्हा

गाड्या उशिरा, भाजी नाही, डाळ भिजवायची राहिली. अशा रात्रीसाठी बेसनाचा डबा कधी रिकामा होऊ देऊ नका. एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात हाताने कालवा. गुठळ्या होतात त्या कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे. लोखंडी कढईत तेल तापवा, मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की हळद आणि मीठ, आणि कालवलेलं पीठ एका धारेने, दुसरा हात ढवळत. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम घट्ट यायला लागतं आणि मधे मधे मोठे बुडबुडे फुटतात. तेव्हा आच बारीक, झाकण, पाच मिनिटं. झाकण काढल्यावर कच्च्या पिठाचा उग्र वास येत नाही ना ते बघा. येत असेल तर आणखी दोन मिनिटं. पंधरा मिनिटांत पिठलं, आणि सोबत सकाळची पोळी.

आणि वरण उरलं असेल तर वरणफळं, कुठे त्यांना चकोल्या म्हणतात. वरणात पाणी, गूळ, आमसूल, गोडा मसाला घालून चांगली पातळ आमटी उकळायची. कणकेची एक मोठी पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि तुकडे एकेक करून उकळीत सोडायचे. एकदम सोडले तर गोळा होतो. आठ-दहा मिनिटांनी वर तुपाची धार. वरण आणि पोळी एकाच पातेल्यात, भांडीही कमी.

उरलेल्या भाताचं मात्र जपा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकायची आपल्याकडे सवय आहे. भातात असे जंतू असतात की ते शिजवण्यातूनही वाचतात, आणि गरम हवेत वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवण झालं की तासाभरात भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

आमच्याकडे एक गाठ शेवटपर्यंत सुटत नव्हती. मी कितीही घाई केली तरी कुकरचा अर्धा तास माझ्या येण्यानंतरच सुरू व्हायचा. बाबा घरीच असायचे, पण सासूबाई गेल्यानंतरही त्यांनी कधी गॅसला हात लावला नव्हता आणि मीही त्यांना सांगायला संकोचत होते. शेवटी एका रविवारी त्यांनीच विचारलं, "हे लावायचं कसं ते दाखव मला." मी कुकरमध्ये पाणी किती, खाली डाळीचं भांडं, वर तांदळाचं, दोन शिट्ट्या, मग बारीक, असं मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पहिल्या दिवशी ते चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचत होते आणि वाचून झालेल्या ओळीवर बोट ठेवत होते.

आता गाडीने ठाणं सोडलं की मी घरी फोन करते.

"बाबा, ठाणं सुटलं."

"बरं, लावतो."

मी जिना चढते तेव्हा वाफ गेलेली असते. काल वहीत लिहिलेले आकडे: घरी ७.५०, ताटं ८.३५.